एका दारात तीन कुत्रे

आगाशीकडच्या आमच्या एका गटाची मागची बैठक कर्जाच्या हप्त्यांवरून सुरू झाली आणि कुत्र्यांवर येऊन थांबली. ज्या ताईंच्या पडवीत आम्ही बसलो होतो, त्यांच्या हाताला फडकं बांधलेलं होतं.

त्यांच्याकडे तीन कुत्रे. मोत्या बारा वर्षांचा, काळी चार वर्षांची आणि लेकीने रस्त्यावरून उचलून आणलेला भुऱ्या, आता दीड वर्षाचा. आदल्या संध्याकाळी बोंबलाची डोकी एकाच परातीत टाकली. भुऱ्या मोत्याच्या अंगावर गेला, ताई मध्ये पडल्या. दात कुणाचा लागला तेही कळलं नाही. घरातले म्हणाले, भुऱ्याला हायवेपलीकडे सोडून या. लेक तेव्हापासून जेवेना.

फडकं सोडलं तर आत हळद भरलेली! बैठक तिथेच थांबवली. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतली आणि त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. कुत्रा घरचा असला तरी हेच करायचं. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही, आणि डॉक्टर सुईच्या जितक्या तारखा देतील तितक्या पुऱ्या करायच्या. रेबीज एकदा अंगात उठला की त्यावर औषध नाही.

परत आल्यावर चर्चा रंगली. एक म्हणाली, कुत्र्यांत एक मुख्य असतो, बाकीच्यांना दाबून ठेवतो. आपणच काठी घेऊन मुख्य व्हायचं. हा समज आला लांडग्यांवरून. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांबद्दल लिहिलं. पुढे डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकाने ते सगळीकडे पसरलं. पण त्याच मीच यांनी नंतर मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ साली लिहिलं, की कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरं. आपलं जुनं पुस्तक छापणं बंद करा, म्हणून ते प्रकाशकाच्या मागेही लागले. चूक कबूल करायला एवढं धाडस लागतं, आपल्या बैठकीत साधी वहीतली खाडाखोड कुणी कबूल करत नाही!

मग कुत्र्यांत मानपान नसतो का? असतो, पण वस्तूगणिक वेगळा. ताईंच्याकडे चुलीजवळचं पोतं काळीचं, तिथे मोत्याही जात नाही. फाटकाशी पाहुण्याला हुंगायचा पहिला मान मोत्याचा. हे सारं भांडणाशिवाय ठरतं. एक तोंड फिरवतो, ओठ चाटतो, अंग चोरतो, कान मागे पाडतो, आणि दुसरा समजून जातो. गुरगुरणं हीसुद्धा सूचनाच. त्यासाठी काठी मारली तर कुत्रा गुरगुरायचं सोडतो आणि थेट चावतो.

ताईंच्या घरी बिघडलं कशाने? मोत्याला आता ऐकू कमी येतं, सांधे दुखतात. भुऱ्याची खूण त्याला कळत नाही, आणि हटायलाही वेळ लागतो. दुसरा अंगात रग आलेला. त्यात परात एकच.

म्हणून आम्ही ठरवलं ते एवढंच. तीन भांडी, तीन जागा: मोत्या मागच्या दारी, काळी पडवीत, भुऱ्या वाडीत चिकूला बांधून. खाऊन झालं की भांडी उचलायची. मासळीची घाण झाकणाच्या डब्यात. जुंपलीच तर हात घालायचा नाही. बादलीभर पाणी ओतायचं किंवा थाळी बडवायची. लहान पोरांना जेवणाच्या वेळी जवळ येऊ द्यायचं नाही. कुणाची बाजू घेऊन दुसऱ्याला मारायचं तर अजिबात नाही.

हायवेपलीकडे सोडण्याचं म्हणाल, तर पाळलेला जीव असा टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. हे ऐकून दादा गप्प झाले. लेक त्या रात्री जेवली.

महिना होत आला. एकदा गुरगुर झाली, तीही ताई भांडं उचलायला विसरल्या तेव्हा. तिघांनाही रेबीजची लस टोचून झाली आहे. भुऱ्याची नसबंदी अजून बाकी आहे.