लाल रंगाने एकट्याने बोलू नये

झरीत जमलेल्या चित्रकार, छापखानदार, शिक्षक आणि फलक रंगवणाऱ्या बंधुभगिनींनो,

लाल रंगाविषयी बोलायला झरीइतकी योग्य जागा दुसरी मिळणं कठीण. 23 मे 1945 रोजी, तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातल्या याच गावात, सुमारे पाच हजार वारली एकत्र आले आणि जमीनदारांची वेठबिगार यापुढे करायची नाही असं त्यांनी ठरवलं. किसान सभेच्या त्या लढ्याची हकिगत गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवली. 1972 साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही सभेचा लाल बावटा लांबून ओळखू येई. पण त्या बावट्याचा अर्थ पाड्यापाड्यावर जाऊन माणसांनी माणसांना समजावला होता. रंगाने हाक दिली, बाकीचं काम बोलण्याने झालं. भडक लाल वापरणाऱ्या प्रत्येकाने ही कामाची वाटणी ध्यानात ठेवायला हवी.

डहाणू-तलासरीची वारली चित्रकला ही वाटणी पूर्वीपासून पाळत आली आहे. लग्नघरात सवासिणी चौक लिहितात तेव्हा शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर गेरूचा हात फिरलेला असतो. तांदळाच्या पिठात बांबूची चघळून मऊ केलेली काडी बुडते आणि पांढरी रेघ उमटते. गेरू लालच, पण गडद आणि शांत. तो जमीन होतो, गोष्ट पांढरा रंग सांगतो. खरा तेजस्वी लाल कुंकवाचा. तो ठिपक्यापुरताच येतो, म्हणून नजर तिथे थांबते. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. त्यांची कीर्ती देशाबाहेर गेली ती मुख्यतः गेरू आणि पांढरा या दोनच रंगांच्या बळावर.

आता गेरूच्या जागी संगणकाच्या पडद्यावरचा शुद्ध भडक लाल घालून पाहावा. त्याच्यावर पांढरी अक्षरं लिहिली तर दोन्हींतल्या उजेडाचं प्रमाण जेमतेम 4 ला 1 भरतं. संकेतस्थळांसाठी जगभर मानल्या जाणाऱ्या सुगम्यतेच्या निकषानुसार लहान अक्षरांना किमान 4.5 ला 1 लागतं, मोठ्या अक्षरांना 3 ला 1 चालतं. म्हणजे ठळक मथळा निभावतो, खालचा बारीक मजकूर नापास होतो. उपाय सोपा आहे. लालाचं मूल्य 255 वरून 204 वर आणलं की तेच प्रमाण 5.9 च्या आसपास जातं, आणि डोळ्याला तो रंग लालच दिसतो. शुद्ध लालावर शुद्ध निळी अक्षरं मात्र कधीच नकोत. तिथे प्रमाण 2.2 च्याही खाली येतं आणि अक्षरांच्या कडा थरथरल्यासारख्या वाटतात.

छापखान्यात आणखी एक अडचण उभी राहते. चार रंगांच्या छपाईत लाल हा किरमिजी आणि पिवळ्या शाईच्या मिश्रणातून होतो. दोन्ही छाप केसभर सरकले तरी लाल जमिनीवरच्या पांढऱ्या देवनागरीचे अनुस्वार, रफार आणि बारीक मात्रा बुजतात. उन्हातल्या फलकावर याच दोन शाया आधी उडतात, निळी मागे राहते. ‘धोका’ हा शब्द नुसत्या लालाच्या भरवशावर सोडला, तर सूचना जिथे सर्वांत जास्त ऊन खाते तिथेच ती आधी मावळते.

आणि काही डोळ्यांना तो लाल पहिल्या दिवशीही दिसत नाही. लाल-हिरव्यातला फरक न कळण्याचा दोष बहुधा जन्मजात असतो. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने तो पुरुषांत कितीतरी अधिक आढळतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरात सुमारे आठ. त्यांतल्या काहींना भडक लाल काळपट दिसतो. संध्याकाळ झाली की असा दोष नसलेल्यांच्या डोळ्यांनाही लाल इतर रंगांच्या आधी काळवंडलेला दिसू लागतो. पुर्किंये या शास्त्रज्ञाने हे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच नोंदवलं आहे.

इथल्या शेतकऱ्याच्या हातात रोज येणारं उदाहरण म्हणजे कीटकनाशकाची बाटली. 1971 च्या कीटकनाशक नियमांनुसार तिच्या लेबलावर कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन असतो, लेबलाच्या दर्शनी भागाच्या किमान एक सोळांश आकाराचा. त्याचा खालचा त्रिकोण विषाची तीव्रता सांगतो: भडक लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, शेवटी हिरवा. वरच्या त्रिकोणात इशारा असतो; सर्वांत जहाल वर्गाला कवटी आणि हाडांचं चित्रही. ती कवटीच इथे मोलाची, कारण रंग न दिसणाऱ्यालाही ती दिसते. पण पिवळ्या वर्गाला कवटी नाही, आणि तोही जहालच आहे. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याला कारणं अनेक होती. तरी बाटलीवरचा इशारा प्रत्येकाला कळलाच पाहिजे, याबद्दल दुमत नसावं.

अशी दुरुस्ती करता येते, याचे दाखले आहेत. मांसाहारी अन्नाच्या पाकिटावरचा तपकिरी ठिपका शाकाहारी पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याशी गल्लत करायला लावत होता. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2020 च्या नियमांत त्या ठिपक्याचा त्रिकोण केला. अमेरिकेत ‘थांबा’चा अष्टकोनी फलक 1954 पर्यंत पिवळा असे, कारण टिकाऊ लाल मिळत नव्हता. आकार आधीच ठरलेला होता, लाल मागाहून आला.

या संमेलनाने म्हणून तीन गोष्टी ठरवाव्यात. प्रत्येक फलकाची प्रत आधी काळ्या-पांढऱ्यात काढून, मग दिवेलागणीच्या वेळी दहा पावलांवरून वाचून पाहावी. जिथे लाल इशारा असेल तिथे चिन्ह आणि शब्द दोन्ही असावेत, आणि बाकी पानावर त्या लालाचा वापर टाळावा. तिसरं, खरिपाची फवारणी सुरू होण्याआधी तालुक्यातल्या प्रत्येक कृषी सेवा केंद्रात चारही त्रिकोणांचा मोठा तक्ता लागावा. त्यावर चित्रं असावीत आणि मजकूर मराठी, गुजराती व वारली बोलीत असावा. चित्रं इथल्याच चित्रकारांनी काढावीत, आणि छापण्याआधी फवारणी करणाऱ्या मजुरांना दाखवून त्यांना काय समजलं ते विचारावं.