उचल जोडीची, मार तिचा



नाणेघाटाच्या पायथ्याशी, वैशाखऱ्यात ही परिषद भरवलीत आणि अध्यक्षपद मला दिलंत.

कौटुंबिक हिंसा आणि स्थलांतर यांवरच्या संशोधनाचा आढावा घ्यावा, असं निमंत्रणात होतं. मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पुढे २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आला आणि अभ्यास वाढले. दुसरीकडे वेठबिगारांच्या मुक्तीचं काम उभं राहिलं. वीटभट्टीवरच्या मुलांसाठी आपल्याच जिल्ह्यात विधायक संसदेने भोंगाशाळा काढल्या. कामं दोन्ही मोलाची, पण एकाच्या अभ्यासकाने दुसऱ्याचं वाचलं नाही. आढावा इथेच थांबवते, कारण माझं सारं म्हणणं याच जागी अडलेलं आहे.

मुरबाड-शहापूरच्या कातकरी वाड्यांतली कुटुंबं दिवाळीनंतर भिवंडी, कल्याण, पनवेलकडच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हाच भट्टीच्या शेठकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. ती एकट्याला मिळत नाही, जोडीला मिळते. दोघं मिळून गारा करायचा, विटा थापायच्या, वाहायच्या, रचायच्या. शिवाय चूल आणि पोरं तिच्या एकटीच्या अंगावर. मजुरी हजार विटांमागे. आठवड्याची खर्ची नवऱ्याच्या हातात, हिशोब हंगाम संपल्यावर, तोही त्याच्याशीच. तिच्या नावाने कुठे काही लिहिलेलं नसतं.

या जोडीतली बाई मार खाते तेव्हा आपले प्रबंध कारणं देतात: दारू, निरक्षरता, लवकर लग्न. दारू आहे, मी नाकारत नाही. पण बाई निघून का जात नाही, याचं उत्तर दारूत सापडत नाही.

सकाळच्या सत्रात वाद झाला की भट्टीवर मुलाखत घ्यावी का. मुकादमाची नजर, कच्च्या विटांची खोपी, एकांत कुठून मिळणार? एकांत हवाच, जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. म्हणून मुलाखती गावातच घ्याव्यात, असा निष्कर्ष काही मित्रांनी काढला. भिवंडीजवळच्या एका भट्टीवर पाण्याच्या टाकीपाशी हंडा भरता भरता एक तरुण बाई मला म्हणाली, "ताई, माहेरी जाईन, पण उचल दोघांची हाय. मी गेले तर शेठ माझ्या भावाला आणून बसवील." पुढे पावसाळ्यात तिच्या वाडीवर गेले. सासू शेजारी बसलेली. तोच विषय काढला तर म्हणाली, "तसं काय नाय." मनगट अजून सुजलेलं होतं. एकांत गावात आपोआप मिळतो, हे मला यापुढे कुणी सांगू नये.

आणि ज्यांचं गावातलं सर्वेक्षण फेब्रुवारीत होतं, ते 'घर बंद' असा शेरा मारून पुढच्या दारात जातात! ज्या बाईबद्दल आपल्याला जाणून घ्यायचं आहे, ती त्याच बंद घराची आहे.

कायदा आपल्यापेक्षा पुढे आहे. २००५ च्या कायद्याच्या २७ व्या कलमानुसार बाई तात्पुरती राहत असेल तिथल्या न्यायालयातही अर्ज करू शकते, म्हणजे भट्टीवरूनही. उलट १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा आंतरराज्य मजुरांपुरता होता, मुरबाडहून भिवंडीला जाणारी त्यात बसतच नव्हती. उचलीपायी माणूस बांधला गेला तर ती वेठबिगारी, आणि तसं कर्ज १९७६ च्या कायद्याने रद्द होतं. म्हणूनच नवऱ्याच्या मारातून तिला सोडवायचं तर संरक्षण अधिकाऱ्याबरोबर, उचलीतून सुटण्यासाठी, प्रांताधिकाऱ्यांचंही दार ठोठावावं लागतं. आपल्या किती विद्यार्थ्यांना आपण हे शिकवतो?

हिंसेवरच्या प्रत्येक प्रश्नावलीत उचलीची नोंद हवी: किती, कुणाच्या हातात, मोडली तर कुणाच्या माथी. विद्यार्थ्यांचं क्षेत्रकार्य हंगामात, भट्टीवर व्हावं; वेळापत्रकाबद्दल विद्यापीठाशी बोलू. बोलणाऱ्या बाईला नंतर आधार कोण देणार, याची व्यवस्था आधी लागेल, तीही बसून ठरवू. यंदा दिवाळी झाली की वाड्यांवरून ट्रक भरून निघतील. त्यांच्या मागोमाग भट्टीपर्यंत यायची ज्यांची तयारी आहे, त्यांनी आजच आपली नावं द्यावीत.