काठावरून पाण्यात

मैत्रिणींनो,

मे महिन्यात आपण मुलांना पोहायच्या तलावावर नेतो. मुलं पाण्यात, त्यांचे बाबा पाण्यात. आणि आपण? काठावर, टॉवेल, डबा, चपला सांभाळत. माझे दहा उन्हाळे असेच गेले. एकदा धाकटी खोल पाण्याकडे सरकली. मी नुसती ओरडले. उडी दुसऱ्याच कुणी मारली. पोहायच्या पोशाखाची लाज वाटायची मला. त्या दिवशी पोहता न येण्याची वाटली.

१९५९ साली आरती साहा इंग्लिश खाडी पोहून गेल्या, आशियातली पहिली स्त्री. आपल्याला निदान तलावाची रुंदी तरी यायला हवी. आमच्याकडे बायकांची वेळ ऐन स्वयंपाकाच्या घाईत. ती बदलून मागू या. आणि यंदा डबा नवऱ्याच्या हाती देऊन आपणही पाण्यात उतरू या!