माऊसचा नेम चुकतो तेव्हा

आपल्या श्रीरामपूर तालुक्यातल्या, प्रवरेकाठच्या बेलापूरहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. आजचा विषय ऐकून तुम्ही हसाल. कॉम्प्युटरवरचा फुगे फोडायचा खेळ आणि त्यात चुकणारा नेम. हसा खुशाल, पण रेडिओ बंद करू नका. या फुग्यांमुळेच आमच्या गटाचा हिशेब परक्या हातात जाता जाता राहिला.

झालं असं, की गटानं एक वापरलेला कॉम्प्युटर घेतला. आजवर ऑनलाइन नोंदी आम्ही गावातल्या एका मुलाकडून पैसे देऊन करून घ्यायचो. तो भराभर टाइप करायचा, आम्ही मागं उभ्या राहून बघायचो. दिसायचं सगळं, कळायचं काही नाही. म्हणून ठरवलं, आपला हिशेब आपणच भरायचा. काम दिलं आमच्या अक्कांना. अक्का सातवी शिकलेल्या, अक्षर मोत्यासारखं, नऊ वर्षांच्या गटाच्या रजिस्टरमध्ये एक खाडाखोड सापडणार नाही.

कॉम्प्युटरसमोर मात्र अक्कांचं काही चालेना. पडद्यावरचा बाण एका बटणावर न्यायचा, तर तो भलतीकडेच पळायचा. मागं ओढला की अलीकडेच थांबायचा. कधी जागच्या जागी थरथरायचा. पंधरा दिवस हेच. त्यात घरी लेक म्हणाला, ‘आई, तुझं वय आहे का आता हे?’ अक्का आम्हाला म्हणाल्या, ‘माझ्या हातात आता दम नाही. एखाद्या पोरीला द्या हे काम.’ आमच्यातल्या दोघी-तिघींनी मान डोलावली, हेही सांगून टाकतो. आम्हालाही तसंच वाटलं होतं.

मग आम्ही फॉर्म बाजूला ठेवला आणि खेळ लावला. खेळ म्हणजे वेळ वाया, असं समजू नका. 1990 साली विंडोजच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर पत्त्यांचा सॉलिटेअर खेळ आला. पत्ता बटण दाबून धरायचा, ओढायचा, सोडायचा. माऊस कधी हातात न धरलेल्या माणसांच्या हाताला त्यानं हसत-खेळत सवय लावली. आम्ही फुग्यांचा खेळ घेतला, कारण त्यात नेम कुठं चुकला ते लगेच दिसतं. आणि फुगा चुकला तर कुणाचा हप्ता चुकत नाही.

प्रत्येकीनं वीस-वीस फुगे मारले. आमच्यातली बीएस्सी झालेली सूनबाईही चुकली. जवळचे फुगे फुटायचे, लांबचा मारायला गेलं की बाण पुढं निघून जायचा. सगळ्यांचेच हात एकाच वेळी बिघडले असतील का? आमच्या एक मावशी लहानपणी बाजरीच्या शेतात माळ्यावर उभ्या राहून गोफणीनं पाखरं हाकायच्या. त्या म्हणाल्या, ‘गोफण उसवली असली तर नेम धरून काय उपयोग? आधी गोफण बघा.’

गोफण बघायला सुरुवात केली. पहिल्यांदा माऊस उलटा केला. साठच्या दशकात अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट यांनी पहिला माऊस तयार करवून घेतला. तो लाकडी होता आणि खाली दोन चाकं होती. 9 डिसेंबर 1968 ला त्यांनी तो लोकांसमोर चालवून दाखवला. पुढं चाकांच्या जागी गोळी आली, ती मळली की बाण अडखळायचा. आताच्या माऊसखाली दिवा आणि एक चिमुकला कॅमेरा असतो. तो टेबलाचे फोटो काढतो, एका सेकंदाला हजाराहून जास्त, आणि मागच्या फोटोपेक्षा या फोटोत काय सरकलं त्यावरून बाण हलवतो. आता टेबलावर काचच असेल तर त्याला दिसणार काय? आमच्या टेबलावर तर काच, खाली फुलाफुलांचं मेणकापड, आणि भोकात अडकलेला एक केस. केस काढला, कोरड्या फडक्यानं भोक पुसलं, आणि जुन्या वहीचा जाड, खरखरीत पुठ्ठा माऊसखाली ठेवला. थरथर तिथंच थांबली. खर्च शून्य.

दुसरी गोष्ट बांगड्यांची. अक्कांचा हात टेबलाच्या कडेला टेकला की बांगड्या खाली अडायच्या आणि मनगट उचललं जायचं. बांगड्या काढा असं आम्ही कुणाला सांगत नाही, थोड्या वर सारून घ्या. त्या बाजेवर बसायच्या, टेबल छातीपर्यंत यायचं, सगळा भार खांद्यावर. बसण्याखाली दोन उश्या ठेवल्या, कोपर टेबलाच्या बरोबरीला आलं.

थरथर गेली, पण लांबचा फुगा अजून चुकतच होता. तेव्हा आम्ही एक परीक्षा केली, ती तुम्हीही घरी करून बघा. पुठ्ठ्यावर तीन बोटांच्या अंतरावर पेनानं दोन रेघा ओढा. कडेला फूटपट्टी धरा, म्हणजे माऊस सरळ जाईल. माऊस डावीकडच्या रेघेवर, आणि बाण पडद्याच्या डाव्या बाजूच्या एखाद्या चित्रावर. आता माऊस न उचलता झटक्यात दुसऱ्या रेघेपर्यंत न्या. मग अगदी सावकाश पहिल्या रेघेवर परत आणा. बाण मधे पडद्याच्या कडेला धडकू देऊ नका. हात जिथून निघाला तिथं परत आला, मग बाणही त्याच चित्रावर यायला हवा ना? आमचा आला नाही. चांगला वीतभर अलीकडंच राहिला.

याचं कारण गोफणीसारखंच आहे. गोफण जोरात फिरवली की दगड लांब जातो. विंडोजमध्येही तशी एक सोय मुळातच चालू असते. हात झटकन हलवला तर बाण जास्त पळतो, हळू हलवला तर कमी. तिचं नाव ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’. नावात अचूकपणा आहे, पण नव्या हाताला तीच चकवते. कंट्रोल पॅनेलमध्ये माऊस, त्यात पॉइंटर ऑप्शन्स, तिथं या नावापुढची बरोबरची खूण काढून टाका. त्याच ठिकाणी बाणाचा वेग कमी-जास्त करायची पट्टी आहे. आणि तिथंच खाली एक खूण केली, की कंट्रोलचं बटण दाबल्यावर बाणाभोवती गोल उमटतात. बाण हरवला की शोधायला फार बरं पडतं. खूण काढल्यावर दोन-तीन दिवस बाण जड वाटेल, घाबरू नका. ज्यांना जुनी सवय आहे त्यांना ती सोय चालूच बरी वाटते, त्यांच्याशी वाद घालू नका.

तुमची पोरं नेमबाजीचे खेळ खेळत असतील आणि नेम चुकतो म्हणून माऊस आपटत असतील, तर त्यांनाही हे सांगा. पुष्कळ खेळांच्या आत ‘सेन्सिटिव्हिटी’ म्हणून वेगळा आकडा असतो. आधी जुना आकडा कागदावर लिहून ठेवायचा, मग थोडा कमी करायचा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आम्ही एकदम तीन गोष्टी बदलल्या होत्या. गुण कशानं आला तेच कळेना. माऊस बिनवायरचा असेल तर सेल बदलून बघा, आणि त्याची छोटी पिन डब्याच्या मागं खोचलेली असेल तर पुढं आणा. खेळाचं चित्रच अडखळत असेल तर माऊसचा दोष नाही, उघडी ठेवलेली बाकीची कामं बंद करा.

आता तीन रुपयांची गोष्ट. अक्कांनी एका ताईंचं 2000 रुपयांचं कर्ज भरलं, आणि बैठकीत निघालं 1997. तीन रुपयांपायी एक तास गेला. कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांनी अक्कांकडं पाहिलं. अक्कांनी रजिस्टर पुढं केलं, तिथं 2000 स्पष्ट होते. शोधता शोधता सापडलं, की काही फॉर्ममध्ये आकडा टाकल्यावर बाण त्याच रकान्यावर असताना माऊसचं चाक फिरवलं, की पान खाली सरकायच्या ऐवजी आकडा एकेकानं बदलतो. यादीतून निवडलेलं नावसुद्धा असंच बदलू शकतं. पीक, बँकेची शाखा, काहीही. म्हणून आकडा टाकला की आधी पानाच्या मोकळ्या जागेवर एकदा टिचकी मारायची, मगच चाक फिरवायचं. आणि सेव्ह करण्याआधी शेजारणीनं आकडे मोठ्यानं वाचायचे.

नोंदी आता अक्काच करतात. परवा वीसपैकी सतरा फुगे फोडले, आणि लेकाला म्हणाल्या, ‘ये, बस, तुझे किती फुटतात बघू.’ त्याचे चौदा फुटले. अर्थात त्याला पुठ्ठा दिला नव्हता, हे खरं.

मंगळवारी दुपारी आमचा कॉम्प्युटर चालू असतो, लाइट असली तर. तुमचा माऊस हट्टी असेल तर घेऊन या. पुठ्ठा आमचा.