शिकलेलं वहीत दिसू द्या

आता मोबाईलला नुसतं बोलून सांगितलं, की तो मसाल्याच्या पाकिटावरचा मजकूर लिहून देतो, गिऱ्हाईकाला उत्तरही देतो. हीच ती कृत्रिम बुद्धिमत्ता, एआय. ती शिकायला गटातल्या दोघींना पाठवायचं म्हटलं, की प्रश्न येतोच, "दोन दिवसांचा रोज बुडणार, मिळणार काय?" प्रश्न रास्त आहे. उत्तर आपल्या वहीत हवं.

अमेरिकेतले प्राध्यापक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या. शिकणारीला ते आवडलं का? तिला ते आलं का? कामात ती ते वापरते का? धंद्यात फरक पडला का? प्रमाणपत्र फार तर दुसऱ्या पायरीपर्यंत नेतं. पैसा चौथीवर असतो.

म्हणून प्रशिक्षणाआधी आपण महिनाभर लिहून ठेवू: ऑर्डरी किती, परत आलेला माल किती, हिशेबाला वेळ किती. नंतर तीन महिने तेच लिहू. समजा, बुडालेला रोज आणि एसटीचं भाडं मिळून १२०० रुपये गेले आणि महिन्याला ४०० रुपये जास्त सुटले, तर तीन महिन्यांत खर्च वसूल. मात्र दिवाळीची विक्री यात धरायची नाही. ती एरवीही वाढते. आणि एआयने लिहिलेलं वजन, भाव, तारीख आपण तपासायचीच.

उद्या गटातल्या तिसरीला शिकायला पाठवायचं असेल, बँकेत कर्ज मागायचं असेल, तेव्हा ही वही आपल्या बाजूने बोलेल.