संगणक : थकलेल्या दृष्टीचा आणि हातांचा आधार



वय वाढले की दृष्टी मंदावते, हात थरथरू लागतात, कानांना कमी ऐकू येते. हा निसर्गक्रमच आहे. परंतु लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव येथील बाजारपेठांत त्याला एका नव्या दुःखाची जोड मिळाली आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि चोपडीतला हिशेब संगणकाच्या पडद्यावर गेला. आयुष्यभर स्वहस्ते जमाखर्च मांडलेला व्यापारी केवळ बारीक अक्षरे दिसत नाहीत म्हणून गादीवरून उठतो आणि बँकेचा पासवर्डही दुसऱ्याच्या हाती देतो. मंदावलेल्या दृष्टीपेक्षा हे परावलंबन त्याला अधिक बोचते.

या दुःखावरचा बराचसा उतारा त्याच्याच संगणकात पहिल्या दिवसापासून असतो. दाम मोजून घेतलेल्या ताग्यातील निम्मे कापड न उलगडताच कपाटात राहावे, तशी या सोयींची अवस्था आहे.

या सोयी आजच्या नव्हेत. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस केंद्रात ग्रेग व्हँडरहायडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात अशा अनेक सोयींवर काम केले. त्यांतील काही १९९५ साली विंडोज ९५ मध्ये समाविष्ट झाल्या. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारा ‘नॅरेटर’ विंडोज २००० पासून आला.

विंडोज १० आणि ११ या प्रणालींत त्यांचा वापर अगदी सोपा आहे. विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि अधिक चिन्हाची कळ एकत्र दाबली की भिंग उघडते व अक्षरे मोठी होतात; विंडोज आणि एस्केप दाबताच ते मिटते. कंट्रोल, विंडोज आणि एंटर या कळांनी नॅरेटर बोलू लागतो. ज्यांना दोन कळा एकाच वेळी दाबणे जमत नाही, त्यांनी शिफ्टची कळ लागोपाठ पाच वेळा दाबावी आणि समोर येणाऱ्या प्रश्नाला होकार द्यावा. मग एकेक कळ क्रमाने दाबूनही काम होते. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी सूचनेच्या आवाजाबरोबर पडदा चमकविण्याची सोय आहे. विंडोज आणि यू ही जोडी लक्षात ठेवली, तरी या साऱ्या सोयींचे दालन उघडते.

अशा साधनाने काय साधते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी बालपणीच गेली. पडदा वाचून दाखविणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साह्याने त्यांनी अभ्यास केला. २०१५ च्या नागरी सेवा परीक्षेत यश मिळूनही अंधत्वामुळे रेल्वेच्या लेखा सेवेत त्यांना नकार मिळाला. त्या खचल्या नाहीत. २०१६ च्या परीक्षेत देशात १२४ वा क्रमांक मिळवून त्या भारतीय प्रशासकीय सेवेत दाखल झाल्या.

मात्र या साधनांना मर्यादाही आहेत. मराठी वाचायचे तर संगणकात मराठी वाचणारा आवाज असावा लागतो. छपाईसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या फाँटमधील मजकूर त्या आवाजाला निरर्थक अक्षरांसारखा भासतो आणि छायाचित्र म्हणून पाठविलेल्या पत्रकातील शब्द त्याला बहुधा वाचता येत नाहीत. म्हणून संस्थांनी आपली निमंत्रणे, सूचना आणि अहवाल युनिकोडमधील मजकुराच्या रूपातही पाठवावेत. त्यास वेगळा खर्च नाही. अन्यथा ज्यांच्या देणग्यांवर संस्था उभी राहिली, तेच वडीलधारे तिच्या वार्तेला मुकतात.

खंडाळ्यात वृद्ध अंधांसाठी नॅब-लायन्सचे निवासगृह आहे; त्यामुळे हा प्रश्न या परिसराला परका नाही. उणीव यंत्राची नाही, शेजारी बसून शिकविणाऱ्याची आहे. तरुण मुले घाईने माउस हातात घेतात, काम उरकतात आणि निघून जातात. त्यापेक्षा रविवारचा एक तास द्यावा, चार कळा मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून पडद्याशेजारी चिकटवाव्यात आणि आजोबांचे बोट चुकले तरी धीर धरावा.

ज्येष्ठांचे काम करून देणे ही सेवा आहेच. पण ते काम त्यांना स्वतः करता यावे, अशी व्यवस्था करणे ही त्याहून मोठी सेवा होय. स्वतःचा हिशेब स्वतःच्या डोळ्यांनी वा कानांनी तपासता येणे, यातच वृद्धत्वाचा सन्मान आहे.