सर्व्हर कोणाच्या भरवशावर?

धानाच्या ऑनलाइन नोंदणीसाठी सातबारा घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला ‘सर्व्हर डाऊन’ वेगळं समजावून सांगावं लागत नाही. म्हणून हा विषय आपल्या दवनीवाडा गावात अगदीच परका नाही.

सर्व्हर म्हणजे दूर कुठेतरी चोवीस तास चालणारा संगणक. त्याला चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम एकतर विंडोज सर्व्हरसारखी असते, परवान्याचे पैसे मोजून घ्यायची आणि आतून न दिसणारी. नाहीतर लिनक्ससारखी, जिचा कोड कोणीही वाचावा, बदलावा, परवान्याला दमडी लागत नाही. मग बिनपैशाची वस्तू जोखमीच्या कामाला लावायची कशी?

लावलेली आहे. रोवणीच्या दिवसांत आपण पावसाचा जो अंदाज ऐकतो, त्याची आकडेमोड करायला 2018 मध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत ‘प्रत्यूष’ महासंगणक आला, तो लिनक्सवरचा. जगातले पहिले पाचशे महासंगणक तर नोव्हेंबर 2017 पासून सगळेच लिनक्सवर आहेत.

पण हिशेब नीट मांडू. प्रत्यूष क्रे या अमेरिकी कंपनीकडून विकत घेतलेला. रेड हॅट या कंपनीचं लिनक्स वापरणाऱ्या मोठ्या संस्था दरवर्षी वर्गणी भरतात. ते पैसे कोडचे नसतात. रात्री दोनला फोन उचलणाऱ्या माणसाचे असतात. हा माणूस नसला की काय होतं, ते सेंटओएस या लिनक्सने दाखवलं. रेड हॅटच्याच कोडवर उभं, पण बिनवर्गणीचं. आठव्या आवृत्तीला 2029 पर्यंत दुरुस्त्या मिळणार, या भरवशावर लोकांनी सर्व्हर उभे केले. डिसेंबर 2020 मध्ये जाहीर झालं, 2021 अखेर बंद. तक्रार कोणाकडे करणार? गिऱ्हाईकच नव्हते ना! कोड उघडा असल्यामुळे काही महिन्यांत अल्मा आणि रॉकी हे दोन वारस उभे राहिले, हेही खरं. बंद कोडच्या बाबतीत अशी सोय नसते.

19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे 85 लाख विंडोज यंत्रं कोसळली आणि आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहायची पाळी आली. लिनक्सवाले हसले. त्यांनी हसू नये. त्याच वर्षी मार्चमध्ये लिनक्समधल्या एक्सझेड या छोट्या भागात कोणीतरी चोरदरवाजा बसवलेला सापडला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, म्हणून अँड्रेस फ्रॉइंड नावाचा प्रोग्रॅमर खोदत गेला, म्हणून निभावलं. गंमत बघा, तो नोकरीला विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टमध्ये होता.

आणि 24 फेब्रुवारी 2021 ला मुंबईचा राष्ट्रीय शेअर बाजार जवळपास चार तास थांबला, तेव्हा दोष ऑपरेटिंग सिस्टिमचा नव्हे, दूरसंचार जोडण्यांचा आणि माहिती साठवणाऱ्या यंत्रणेचा निघाला. पर्यायी केंद्र होतं, पण कारभार तिकडे हलवला गेला नाही.

माझं मत विचाराल तर सर्व्हरसाठी लिनक्स. पण ते जाणणारा माणूस पगारावर किंवा करारावर असेल तरच; नसेल तर विंडोज घ्या, लाजू नका. इथे कोणी पतसंस्थेचे संचालक बसले असतील, तर विक्रेत्याला दोन प्रश्न विचारा: या आवृत्तीच्या दुरुस्त्या कोणत्या तारखेपर्यंत मिळणार आणि रविवारी फोन कोण उचलणार? आणि पैसे देण्याआधी बॅकअपमधून कालची खाती तुमच्यासमोर उघडून दाखवायला सांगा.